हिरवा चहा: कपात काय असते आणि तो कधी घ्यावा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात यंत्रमागाची पाळी सुटली की पावले आपोआप चहाच्या टपरीकडे वळतात. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर दिवसातल्या पाच कपांमधून सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मात्र दिवसभरातली वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. हिरव्या चहाचा पहिला फायदा माझ्या मते इथेच आहे, कारण तो दूध-साखरेशिवाय घ्यायचा असतो.

आधी एक गैरसमज दूर करू. परसात लावतो तो गवती चहा म्हणजे हिरवा चहा नव्हे. ती वनस्पतीच निराळी. हिरवा चहा आपल्या नेहमीच्या चहाच्याच झाडाचा असतो, फक्त पाने खुडल्यावर लगेच वाफ देऊन किंवा कढईत परतून ती काळी पडण्याची क्रिया थांबवतात, त्यामुळे त्यांतली कॅटेचिन नावाची द्रव्ये बरीचशी टिकून राहतात.

या द्रव्यांमुळे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल थोडे कमी होते. जपानमध्ये ४० हजारांहून अधिक प्रौढांवर ११ वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, स्त्रियांत २३ टक्क्यांनी आणि पुरुषांत १२ टक्क्यांनी कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सारे श्रेय चहालाच देता येणार नाही. वजनाचे म्हणाल, तर केवळ या चहाने पोट उतरत नाही, हे मी स्पष्टच सांगते.

करण्याची रीतही सांभाळावी लागते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटे थांबावे, मग चमचाभर पाने टाकून दोन-तीन मिनिटांत गाळावे. पाने हळूहळू उलगडतात आणि पाण्याला फिकट पोपटी रंग येतो. उकळत ठेवलात तर तो इतका कडवट होतो की दुसऱ्यांदा कोणी हात लावत नाही.

आता विशेषतः विड्या वळणाऱ्या आणि घरकामात दिवसभर राबणाऱ्या माझ्या भगिनींसाठी. आपल्यापैकी अनेकींचे हिमोग्लोबिन कमी असते. भाकरी, मेथी, डाळ यांतले लोह या चहामुळे नीट शोषले जात नाही, म्हणून तो जेवणासोबत घेऊ नये. जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. लोहाच्या गोळीबरोबर तर मुळीच नको. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. वजन घटवण्यासाठी मिळणाऱ्या हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांपासून दूर राहावे, कारण त्यांच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. घरी गाळलेल्या दोन-तीन कपांची गोष्ट वेगळी.