अलीकडे की पलीकडे?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या भागात रिक्षात बसलं की रिक्षावाला एकच प्रश्न विचारतो, "नाल्याच्या अलीकडे की पलीकडे?" पुण्याच्या दक्षिणेला पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर हा सगळा पट्टा त्या प्रश्नाने दोन भागांत वाटलेला आहे. ज्याला रिक्षावाला नाला म्हणतो, तो आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, तिथल्या तलावातून खाली उतरतो आणि आमच्या गल्ल्यांच्या मागून, दांडेकर पुलाखालून मुठेकडे जातो. ओढ्याचा नाला कधी झाला, ते कुणाला सांगता येणार नाही. बहुतेक ज्या दिवशी आम्ही त्याच्याकडे घरांच्या पाठी केल्या त्या दिवशी.

या ओढ्याचं बिऱ्हाड पूर्वीही एकदा हललंय. आधी तो आजच्या सदाशिव पेठेच्या बाजूने, शहरातूनच वाहायचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी त्याला पर्वतीच्या अंगाने वळवलं. पण नुसतं वळवलं नाही. पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून मोठं तळं केलं, म्हणजे पाण्याला पसरायला जागा ठेवली. ते तळं आता नाही, तिथे सारसबाग आहे. तरी भेळ खाऊन आलेला माणूस "तळ्यातल्या गणपतीला जाऊन आलो" असंच सांगतो.

त्याच काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधला गेला. नळ म्हणजे आपल्या घरातला नव्हे हं! माणूस आत उतरून चालू शकेल एवढा जमिनीखालचा बोगदाच. पंप नाही, काही नाही. कात्रज उंचावर, शहर खाली, त्या उतारावर पाणी आपोआप पेठांतल्या हौदांत यायचं. वाटेत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि साफसफाईला आत उतरता यावं, म्हणून ठिकठिकाणी दगडी तोंडं बांधली. त्यांना उच्छ्वास म्हणतात. काय शब्द आहे! लहानपणी आमच्या क्रिकेटचा स्टम्प असाच एक उच्छ्वास होता. त्यात चेंडू गेला की डाव संपला. आम्हाला वाटायचं, ती कुणाची तरी बुजवलेली विहीर.

नंतर इथे सहकारी सोसायट्यांचे बंगले आले, सहकारनगर हे नावच त्यातून पडलं. मग बंगल्यांच्या जागी इमारती, इमारतींखाली पार्किंग. ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती आल्या. वळवलं आम्हीही, पण तळं काही ठेवलं नाही.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र. संध्याकाळपासून कोसळत होतं. दहाच्या सुमारास खालून आधी आवाज आला, गाड्या एकमेकींवर आपटल्याचा. जिन्यावरून टॉर्च मारला तर पार्किंगमध्ये माझी स्कूटर तरंगत फिरत होती, दिवा चालू. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही खुर्चीसकट वर आणलं. त्या सारख्या म्हणत होत्या, "अरे, गॅस बंद केलाय का बघा." आमचं निभावलं. जवळच टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली; त्या एका रात्रीत पुणे परिसरात वीसहून अधिक जीव गेले.

सकाळी चिखल उपसताना सोसायटीतला एक पोरगा म्हणाला, "काका, नाला केवढा मोठा आहे!" तोवर त्याने तो पाहिलाच नव्हता. त्याच्या खिडकीपासून तो वीस पावलांवर आहे.

पाण्याची रेघ जिन्याच्या भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती. गेल्या दिवाळीत रंगकाम निघालं आणि ती पुसली गेली. सभेत कुणी विषयही काढला नाही. विजेचे मीटर तेवढे त्या पुरानंतर पहिल्या मजल्यावर नेले होते, ते अजून तिथेच आहेत. खाली आणा म्हणून आजवर एकानेही अर्ज दिलेला नाही.

नमस्कार.