नाईक यशवंत घाडगे आणि आपली बिननावाची माणसं

श्रोतेहो, भाद्रपद वद्य चतुर्दशीचं श्राद्ध शस्त्रानं मरण आलेल्यांचं. आपल्या नाशिकच्या रामकुंडावर देशभरातून अस्थी येतात, पण दोन्ही महायुद्धांत समुद्रापलीकडे पडलेल्या मराठी जवानांच्या अस्थी गावी आल्याच नाहीत. त्यांतल्या एकाबद्दल आज बोलतो.

यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. वय 22. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. घाडग्यांचं सेक्शन, म्हणजे त्यांच्या हाताखालची छोटी तुकडी, अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडलं. सगळे ठार नाहीतर जखमी; उरले एकटे घाडगे. सोबतीला आता कोणी नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरी ते मशिनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली, ती चालवणाराही पडला. टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या स्वयंचलित बंदुकीनं, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच हाणून मारलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच प्राण गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वांत मोठं ब्रिटिश पदक, मिळालं.

हे एवढं बारकाईनं सांगतोय, कारण ‘वीरमरण आलं’ म्हणून आपण हार घालतो आणि मोकळे होतो. त्या माणसानं नेमकं काय केलं, हे पोरांना सांगत नाही.

कोणी म्हणेल, ती लढाई इंग्रजांची होती. राज्य त्यांचं होतं, हे खरंच. पण समोर हिटलरची फौज होती, आणि ज्यांची गावं तिच्या ताब्यातून सुटली ते लोक विसरलेले नाहीत. 2023 साली इटलीतल्या माँटोने गावात घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे. त्यांच्या देहाची समाधी कुठे आहे, कोणालाच माहीत नाही. नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय.

इटलीत आपले 5782 जवान पडले. तिथल्या युद्धस्मशानांत त्यांची नावं आहेत. आणि इकडे? पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगावी दगडी पाट्या लावल्या. गावातून इतके गेले, इतके मेले. बस, आकडा! कोणाचा कोण, काही नाही. माझं मन तिथं अडतं. माणगावात घाडग्यांचा पुतळा तरी आहे. त्यांच्या सेक्शनमध्ये त्या दिवशी जे पडले, त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

देवळालीची छावणी आपल्या दाराशी आहे, तरी निफाड, सिन्नर, चांदवडकडून परदेशी लढायला गेलेल्यांची नावं आपल्याकडे एका जागी लिहिलेली मला कुठे दिसली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात. पुष्कळदा नावापुढे बापाचं नाव आणि गावही असतं. कॉलेजातल्या मुलांनी त्यातून जिल्ह्याची यादी काढावी. घरात जुनं पदक, पेन्शनचा कागद, पलटणीतलं पत्र असेल तर मोडीत घालू नका. व्याख्यान संपल्यावर मी इथंच वही घेऊन थांबतो. पणजोबांचं नाव, गाव आणि ठाऊक असेल तर पलटण, एवढं लिहून जा.