पिशवीतले पाच दिवस

नमस्कार श्रोतेहो.

रक्तपेढीत रात्री सगळं सामसूम झालं, की एकच आवाज उरतो. काचेच्या दाराचं एक कपाट असतं. त्यातले जाळीचे कप्पे मिनिटाला साधारण ६० वेळा इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकत असतात. त्यांच्यावर फिकट पिवळ्या पिशव्या आडव्या ठेवलेल्या असतात. त्या पिशव्यांत प्लेटलेट्स असतात, म्हणजे रक्त गोठवून रक्तस्राव थांबवणाऱ्या अगदी बारीक पेशी. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांची अस्थिमज्जा थकून गेलेली असते, ज्यांची मोठी शस्त्रक्रिया झालेली असते, जी बाळं दिवस भरण्याआधीच जन्माला आलेली असतात, ते सगळे या पिशव्यांच्या भरवशावर असतात. मी त्या कपाटासमोर बरीच वर्षं काम केलं आहे. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

लाल पेशी फ्रीजमध्ये ठेवतात, तर प्लेटलेट्स का नाही, असं मला नेहमी विचारतात. त्याचं कारण त्यांच्या आकारात आहे. निरोगी प्लेटलेट चपटी असते, ताटलीसारखी. थंडी लागली की ती आकसून गोल होते, अंगावर काटे आल्यासारखी दिसते, आणि एकदा तशी झाली की पूर्ववत होत नाही. अशा पेशी रुग्णाला दिल्या, तर त्याचं यकृत त्यांना ओळखून थोड्याच वेळात रक्तातून काढून टाकतं. म्हणून त्यांना २० ते २४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. शिवाय या पेशी पिशवीतही जिवंतच असतात, श्वास घेत असतात. पिशवीचं प्लॅस्टिक वेगळं असतं. त्यातून ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. पिशवी हलती ठेवली नाही, तर पेशी गुदमरतात, आम्ल साचतं आणि त्या मरू लागतात.

पिशवी चांगली आहे की नाही, याची एक जुनी परीक्षा आहे. ती मला आजही फार आवडते. पिशवी उजेडासमोर धरायची आणि बोटांनी हलकेच दाबायची. पेशी चपट्या असतील, तर आत रेशमी कापड हलावं तशा चमकत्या लाटा उठतात. गोल झाल्या असतील, तर नुसताच गढूळपणा दिसतो. मोठ्या यंत्राची गरज नाही, डोळा तयार असला की पुरे.

पण जी ऊब पेशींना मानवते, तीच जंतूंनाही मानवते. रक्त घेताना दात्याच्या कातडीवरचे दोनचार जंतू सुईबरोबर आत गेले, तर फ्रीजमध्ये ते गप्प राहिले असते, इथे मात्र वाढतात. म्हणून रक्त घेताना पहिलं २०-३० मिलिलिटर रक्त वेगळ्या छोट्या पिशवीत वळवतात, दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर नमुना काढून जंतूंची तपासणी लावतात, आणि बहुतेक ठिकाणी साठवणीची मुदत ५ दिवसच असते.

आता विभागणीकडे येतो. यंत्रावर एका दात्याकडून फक्त प्लेटलेट्स काढून घेतल्या, तर प्रौढ रुग्णाच्या एका मात्रेत निदान ३० हजार कोटी पेशी असाव्यात, असं धरतात. काही दात्यांकडून याच्या दुपटीहून जास्त मिळतात. समजा, ४२० मिलिलिटरमध्ये ७० हजार कोटी पेशी आल्या. दोन भाग केले, तर प्रत्येकी ३५ हजार कोटी, म्हणजे दोन रुग्णांची सोय झाली. तुटवडा असला की तीन भाग करायचा मोह होतो. मग प्रत्येकाच्या वाट्याला २३ हजार कोटी येतात, म्हणजे तिघांनाही अपुरं. मी असा आग्रह धरणाऱ्यांना नेहमी नकार दिला आहे.

भाग करताना पिशवी कापत नाहीत. नव्या पिशवीची नळी आणि जुनीची नळी एका यंत्रात शेजारी बसवतात. तापलेली धातूची पातळ पट्टी दोन्ही नळ्यांतून जाते आणि त्या वितळून एकमेकींना जोडल्या जातात. आतल्या द्रवाला बाहेरची हवा लागत नाही. जोड थंड झाला, की मी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहतो. नळ्या सरळ रेषेत आहेत का, कुठे फट आहे का, हलकेच ओढल्यावर जोड टिकतो का? मगच तो दाबून वाट मोकळी करायची. जोडाविषयी जराही शंका आली, तर पिशवी उघडली गेली असं समजायचं आणि पाच दिवसांची मुदत चार तासांवर आणायची. द्रव नजरेच्या अंदाजाने कधीच वाटत नाहीत. पिशवी तराजूवर ठेवतात. २१० मिलिलिटर प्लेटलेट्सचं वजन साधारण २१६ ग्रॅम भरतं, रिकाम्या पिशवीचं वजन वेगळं.

बाळांसाठीची विभागणी आणखी नाजूक असते. दोन किलोच्या बाळाला २० ते ३० मिलिलिटर पुरतं. पण एवढासा द्रव मोठ्या पिशवीत साठवून चालत नाही, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड जास्तच निघून जातो आणि पेशींचं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं. प्रत्येक पिशवीला कमाल मर्यादा असते, तशी किमानही असते. सिरिंजमध्ये काढलेला भाग तर काही तासांतच द्यावा लागतो.

एकदा मध्यरात्रीनंतर एका वॉर्डातून फोन आला. पिशवी पोचली होती, पण रुग्णाला ताप असल्यामुळे ती नंतर लावायची, म्हणून कुणीतरी काळजीपोटी फ्रीजमध्ये ठेवली होती. ती पिशवी बाद करावी लागली. ती देणारा दाता यंत्रावर तासभराहून जास्त बसला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक पिशवी हातात देताना तोंडाने सांगतो: फ्रीज नाही, मिळाली की लावा.

आणि एक गोष्ट. दोन भाग झाले, तरी दान एकच असतं. दोन्ही पिशव्यांवर दानाचा तोच क्रमांक असतो, फक्त भागाची खूण वेगळी. तपासणीच्या बाटलीत तिसऱ्या दिवशी जंतू वाढलेले दिसले आणि एक भाग कपाटात, दुसरा वॉर्डात असला, तर पहिला भाग मी लगेच बाजूला काढतो आणि फोन उचलतो. पलीकडे नर्सताई असतात. मी क्रमांक एकेक आकडा सुटा करून सांगतो, त्या तो पिशवीवरून मला उलट वाचून दाखवतात. दोन्ही आकडे जुळेपर्यंत आम्ही दोघंही फोन ठेवत नाही.

नमस्कार.