अर्थ सांगू नका, वाक्य करा

नमस्कार मंडळी.

मराठीच्या पेपरात 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. अर्थ येत नसला तरी मार्क पदरात पाडायची युक्तीही ठाऊक होती : 'गुरुजींनी मला अमुक शब्दाचा अर्थ विचारला.' बेळगावकडं आमच्या घरी रात्रीची जेवणं झाली की हाच प्रश्न खेळ म्हणून रंगायचा, पण ही पळवाट तिथं बंद होती. नियम एकच. ज्याला तो शब्द माहीत नाही, त्याला नुसतं वाक्य ऐकून अर्थ लागला पाहिजे.

शब्द घरातलेच असायचे. आजी शेतातले काढायची, भांगलण, कुरी. काका बाजारातले, माळवं, तिकटी. एकदा 'गुंडी' आला. 'मला गुंडी आवडते' हे वाक्य लगेच बाद, कारण त्यात गुंडीच्या जागी भजी घातली तरी चालतं! मग धाकटी म्हणाली, "सदऱ्याची वरची गुंडी लाव, गार वारा सुटलाय." झालं, बटण सगळ्यांना दिसलं. तेवढ्यात विदर्भातून आलेल्या आमच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं गुंडीत पाणी भरतात." दोन्ही वाक्यं पास. नुसता अर्थ पाठ असता तर भांडण झालं असतं. वाक्य होतं म्हणून दोन्ही गुंड्या एका घरात नांदल्या.

सीमाभागात या खेळाला एक वेगळी चव आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्याचं दुःख आणि लढा तुम्ही जाणता. पण रोजच्या जगण्यात आमच्या कानावर घरात मराठी, एस.टी.त कानडी, खानापूरच्या रानाकडं कोकणी असं सगळं पडत असतं. त्यामुळं 'हा शब्द आपला नाही' अशी तक्रार खेळात हटकून यायची. आजोबा तेव्हा पानाचा डबा पुढं ओढायचे. सुपारीला कानडीत अडके म्हणतात, मग या अडकित्त्याला घराबाहेर काढू का, असं विचारायचे. वरणभातावरच्या तुपाचंही नातं कानडी 'तुप्प'शी. शब्द कुठूनही येवो, वाक्य मराठी हवं, एवढाच त्यांचा निकाल. मला तो आजही पटतो. मराठीवर जीव असणं आणि शेजारच्या भाषेचा राग करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गावापासून दूर, इथं वाढणाऱ्या आपल्या मुलांना 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार पाठ आहे, पण मांडा कुणी पाहिलेला नाही. बेळगावच्या पोरांना तो लग्नाच्या घरात दिसतो. बाई हातावर पोळी फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवते, पालथ्या कढईवर टाकते आणि गरम आहे तोवर घडी घालते. जरा उशीर झाला की मोडलाच. हे बघितलेलं पोर 'मनातले मांडे' वाक्यात वापरतं तेव्हा ते वाक्य वेगळंच उतरतं.

म्हणून आपल्या रविवारच्या मराठी वर्गाला माझी कळकळीची विनंती आहे : शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांच्या याद्या बंद करा. मुलांनी गावाकडं आजीला फोन लावावा, एक शब्द मागून घ्यावा आणि वर्गात त्याचं वाक्य करावं. आजी फोनवर नसेल त्यांच्यासाठी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे. 1857 च्या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द आहेत आणि तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा लहान गावांत लोक मराठी साहित्य संमेलनं भरवतात. आपल्याला तर फक्त एक फोन करायचाय.

आज सुरुवात करूया. शब्द आहे 'वाफसा'. घरी शेती असलेल्यांनी पहिली दहा मिनिटं गप्प बसायचं. चहा होईपर्यंत प्रत्येक टेबलानं एक वाक्य ठरवा. निकाल पुढच्या रांगेतली लहान मुलं देतील. त्यांना अर्थ लागला तरच वाक्य पास.