मुंबई–लंडन: किलोमीटर किती, तास किती?

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडनमध्ये पट्टी ठेवली, तर रेघ सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते. आता तीच दोन शहरं पृथ्वीगोलावर दोरा ताणून जोडा. दोरा उत्तरेकडे सरकतो आणि त्याचा मध्य तिबिलिसीच्या जवळपास, जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेवर येतो. जवळची वाट दोऱ्याचीच, सुमारे ७,२०० किलोमीटर. ‘हवाई अंतर’ म्हणून सांगतात तो हाच आकडा.

विमान मात्र नेमकं या दोऱ्यावरून जात नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. अशा वेळी वळसा पडतो. हिशेबाला ७,५०० किलोमीटर धरू.

मोठं जेट विमान आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ७,५०० भागिले ९००, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ तास, असं गणित बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. ही हवा स्वतः वाहत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जोरात असतो आणि दक्षिणेला उतरतो.

समजा, वाटेत सरासरी ताशी ७० किलोमीटरचा वारा आहे. लंडनला जाताना तो समोरून येतो. जमिनीच्या तुलनेत वेग ८३० उरतो आणि नऊ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी, वेग ९७०, म्हणजे पावणेआठ तास. दोन्हींत धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांचा किमान अर्धा तास मिळवा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की विमान घिरट्या घालतं, ती वेळ वेगळी.

वाऱ्याचं मोल एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानानं फार छान दाखवलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी अटलांटिकची सुमारे १३,९०० किलोमीटरची वाट सोडून पॅसिफिकवरची १५,३०० किलोमीटरची धरली. अंतर १,४०० किलोमीटरनं वाढलं, तरी पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी असल्यानं विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं!

राहिलं घड्याळ. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. जानेवारीत मुंबईहून दुपारी २ ला निघालेलं विमान साडेनऊ तासांनी उतरलं, तर तिथे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर चारच तास दिसतील. म्हणून आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि मग वजा करा. पुढचं विमान पकडायचं असेल, तर ते कोणत्या शहराच्या वेळेनं सुटतं हेही तपासा.