कनेक्टिंग रॉड का तुटतो आणि नवा कसा निवडावा

(दृश्य: पीथमपूरच्या चाचणी-मार्गाचे उंचावरून चित्रण)

इंदूरहून राऊ ओलांडून पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे गेले की नॅट्रॅक्सचे विस्तीर्ण आवार लागते. वाहनांच्या चाचणीसाठी उभारलेल्या या संस्थेतील ११.३ किलोमीटर लांबीचा अंडाकृती अतिवेग मार्ग २९ जून २०२१ रोजी खुला झाला. त्याच्या वळणांना असा उतार दिला आहे की ताशी २५० किलोमीटर वेगातही गाडीला बाहेरच्या बाजूस ओढ जाणवत नाही. या वेगाने एक फेरी पुरी व्हायला सुमारे पावणेतीन मिनिटे लागतात. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता आस, जवळजवळ १९,००० वेळा फिरतो, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड त्यातल्या प्रत्येक फेऱ्यात ताणला जातो आणि दाबला जातो. हे निवेदन त्या रॉडविषयी आहे.

जिप्सी आणि एस्टीम या गाड्यांमुळे आपल्याकडे वर्षानुवर्षे परिचित असलेले मारुतीचे १,२९८ सीसीचे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ७५.५ मिलिमीटर आहे. पिस्टन, गजनपिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन), रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून वरखाली होणारे वजन ४५० ग्रॅम धरले, तर ६,००० फेऱ्यांवर पिस्टन वरच्या टोकाला थांबून परतताना रॉडवर सुमारे ९०० किलो वजनाइतका ताण येतो. त्याच इंजिनाला ८,००० फेऱ्यांपर्यंत नेले की हाच ताण सुमारे १,६०० किलो होतो. फेऱ्या एक-तृतीयांशाने वाढल्या, पण ताण जवळजवळ पावणेदोन पट झाला, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्तिशाली इंजिन बांधू पाहणाऱ्या माणसाने अश्वशक्तीच्या आकड्याआधी हे गणित कागदावर मांडले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पॉवर स्ट्रोकमध्ये पेटलेल्या वायूचा दाबही रॉडवर येतोच. ७४ मिलिमीटरच्या पिस्टनवर ६० बार दाब पडला, तर रॉडवर अडीच टनांहून अधिक भार येतो आणि टर्बो बसवून तो दाब १०० बारपर्यंत नेला, तर भार चार टनांच्या पुढे जातो. आकडा मोठा दिसत असला, तरी हा भार रॉडच्या दांड्याला दाबतो. बिग एंडची, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या रॉडच्या मोठ्या टोकाची, कॅप धरून ठेवणाऱ्या बोल्टांना तो जवळजवळ जाणवत नाही. बोल्टांची खरी परीक्षा जळालेला वायू बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस होते, कारण तेव्हा वर जाणाऱ्या पिस्टनला अडवायला वायूचा दाब नसतो आणि त्याची सगळी ओढ कॅपवर येते. चालकाने भर वेगात ॲक्सिलरेटर सोडला, तर हा ताण आणखी निखळ होतो. म्हणून टर्बोच्या कमी फेऱ्यांच्या इंजिनाला भक्कम दांडा लागतो आणि उंच फेऱ्यांच्या साध्या इंजिनाला हलका पिस्टन व उत्तम बोल्ट लागतात. ही दोन इंजिने वेगळी आहेत आणि त्यांची खरेदीची यादीही वेगळीच असायला हवी.

(दृश्य: कारखान्यातील टेबल, त्यावर कापड, कापडावर तुटलेल्या रॉडचे तुकडे)

इंदूरच्या मशीन शॉपांमध्ये घरी मराठी आणि कामावर हिंदी बोलणारी पुष्कळ मंडळी आहेत. अशाच एका ठिकाणी एखादा तरुण फुटलेला ब्लॉक घेऊन येतो आणि रॉडच्या दांड्याच्या छेदाच्या दोन आकारांबद्दल विचारतो, "काका, एच-बीम घेऊ की आय-बीम?" त्यावर अनुभवी माणसाचे उत्तर ठरलेले असते, "ते नंतर बघू. आधी जुना रॉड दाखव." हा क्रम फार मोलाचा आहे. रॉड कशाने तुटला हे कळल्याशिवाय महाग रॉड बसवला, तर तेच कारण नव्या रॉडलाही तोडते.

पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी साचते आणि त्यातून गाडी काढताना एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरात शिरते. वर उल्लेखलेल्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असताना आणि वर असताना उरणाऱ्या जागांचे गुणोत्तर) ९ धरला, तर पिस्टन वर आल्यावर वरची मोकळी जागा सुमारे ४० मिलिलीटर उरते. पाणी दबत नाही. त्यामुळे त्याहून थोडे अधिक पाणी आत गेले की वाकायचे काम रॉडलाच करावे लागते. प्लग काढून पाणी उडवले, इंजिन पुन्हा सुरू झाले आणि सारे ठीक वाटले, तरी किंचित वाकलेला रॉड पुढे काही आठवड्यांनी दांड्याच्या मध्यावर तुटू शकतो आणि तोवर पाण्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते. हेड उघडून चारही पिस्टन आळीपाळीने वरच्या टोकाला आणावेत आणि त्यांची उंची डायल गेजने मोजावी. एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहत असेल, तर त्याचा रॉड वाकलेला असण्याची दाट शक्यता असते.

बिग एंड निळसर-काळा पडला असेल आणि बेअरिंगच्या शेलची, म्हणजे आतल्या पातळ अर्धगोल वाटीची, पाठ घासून चकचकीत झाली असेल, तर शेल जागेवरून फिरले आहे आणि मूळ दोष तेलाचा आहे. दीर्घ वळणावर संपमधले, म्हणजे तळच्या तेलटाकीतले, तेल एका बाजूला सरकून तेल ओढणारा पिकअप उघडा पडतो, किंवा बेअरिंगची मोकळीक चुकलेली असते. जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या, व्यासाचा एक हजारांश, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०४५ मिलिमीटर, हा मोकळिकीचा जुना ढोबळ नियम असून तो आजही उपयोगी आहे. अशा वेळी पैसे रॉडपेक्षा आधी संपच्या आतल्या, तेल अडवून धरणाऱ्या पडद्यांवर आणि अचूक मोजमापावर खर्च करावेत.

(दृश्य: दोन तुटलेल्या बोल्टांचे अगदी जवळून चित्रण)

हे एकाच रॉडचे दोन बोल्ट आहेत. डावीकडचा बोल्ट तुटण्यापूर्वी कमरेशी बारीक झाला आहे. तो ताणला जात जात शेवटी फाटला. उजवीकडचा मुळीच बारीक झालेला नाही. त्याचे तोंड सपाट आहे आणि आट्यांच्या मुळापासून निघालेल्या, वाळूवर लाटा ओसरल्यावर उमटतात तशा वक्र रेषा त्यावर एकामागून एक दिसतात. प्रत्येक रेषा म्हणजे भेगेने गाठलेला एक मुक्काम होय. उजवा बोल्ट पुष्कळ काळ आतून चिरत गेला आणि तो तुटल्यावर सगळा भार एकट्या डाव्या बोल्टावर आला. दोष शोधायचा तो उजव्यात. तो पुरेशा ताणाने आवळला गेला नव्हता, किंवा पूर्वी कधीतरी त्याच्या मर्यादेबाहेर ताणला गेला होता.

धातूच्या या थकव्याचा शिस्तबद्ध अभ्यास एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर केला. पोलादाला एक मर्यादा असते; पुन्हा पुन्हा येणारा ताण तिच्या खाली राहिला, तर ते जवळजवळ अमर्याद काळ टिकते. ही मर्यादा साधारण एक कोटी आवर्तनांवर तपासतात. ८,००० फेऱ्यांवर मोठा ताण दर दोन फेऱ्यांत एकदा येतो, असे धरले तरी एक कोटी आवर्तने सुमारे ४२ तासांत पुरी होतात. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसते. म्हणून ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ मार्गावरच्या छोट्या शर्यतींत, ॲल्युमिनियमचे रॉड वापरतात आणि ठरावीक धावांनंतर बदलतात. रस्त्यावरच्या गाडीत ते घालू नयेत. टायटॅनियमचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडेच अधिक असते आणि १९९० मध्ये होंडाने एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड दिले होते. परंतु या धातूला ओरखडा सोसत नाही, घासणाऱ्या बाजूंवर लेप द्यावा लागतो आणि किंमतही फार असते. बहुतेक कामांना ४३४० जातीचे, म्हणजे आपल्याकडे ईएन २४ म्हणून मिळणाऱ्या पोलादाच्या जवळचे, घडवलेले आणि नीट उष्णता-प्रक्रिया केलेले रॉड पुरतात. आणखी भार असेल, तर ३००एम हे त्याहून बळकट पोलाद.

आता एच-बीम की आय-बीम. या वादात जितकी शक्ती खर्च होते, तितकी त्याची योग्यता नाही. दोन्ही आकारांचे उत्तम आणि निकृष्ट रॉड बाजारात आहेत. धातू कोणता, फोर्जिंग कुठे झाले, शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केले आहे का, बिग एंड किती गोल आहे आणि बोल्ट कोणाचे आहेत, हे प्रश्न आधी विचारावेत. शॉट पीनिंगमुळे पृष्ठभागात दाबाचा ताण साठून राहतो आणि भेगेला सुरुवात करणे अवघड जाते. म्हणूनच पीनिंग केलेल्या दांड्यावर पंचाने सिलिंडरचा क्रमांक ठोकणे हे घोर अपराधासारखे आहे; क्रमांक टाकायचाच तर कॅपच्या सांध्याजवळच्या जाड भागावर टाकावा.

रॉड बदलण्याआधी पिस्टनकडे पाहावे. वरखाली होणाऱ्या ४५० ग्रॅमपैकी ५० ग्रॅम कमी करता आले, तर ८,००० फेऱ्यांवरचा ताण पावणेदोनशे किलोंनी उतरतो, आणि तो प्रत्येक रॉडवर, प्रत्येक फेऱ्यात उतरतो. एवढा लाभ रॉडच्या कोणत्याही आकाराने मिळत नाही. फेऱ्यांची मर्यादा मात्र चालकाच्या हातात राहते. फेऱ्यांवर लगाम ठेवणारा रेव्ह लिमिटर इंधन तोडू शकतो. परंतु पाचव्या गिअरमधून चुकून दुसऱ्यात टाकलेली गाडी चाकांच्या जोरावर इंजिन फिरवते, तिथे त्याचे काही चालत नाही. त्या एका क्षणी फेऱ्या ९,५०० झाल्या, तर १,६०० किलोंचा ताण २,२५० किलोंवर जातो.

(दृश्य: स्ट्रेच गेज लावून बोल्ट आवळणारे हात)

बोल्ट आवळताना टॉर्क रेंचवर लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो. कॅप धरायला उरतो तो जेमतेम दहावा भाग. तेल बदलले, आटे कोरडे राहिले, तर तोच आकडा दाखवणारा रेंच भलताच ताण देऊन जातो. म्हणून चांगल्या बोल्टांसोबत त्यांची लांबी किती वाढली पाहिजे हा आकडा येतो आणि ती स्ट्रेच गेजने मोजली जाते. बोल्टाने कॅप ज्या जोराने दाबून धरलेली असते, तो जोर पिस्टनच्या ओढीपेक्षा मोठा असेल, तर बोल्टाला फेऱ्यागणिक बदलणारा ताण फारसा जाणवतच नाही आणि थकव्याची सुरुवात होत नाही. बोल्ट बदलले की बिग एंडचा गोलपणा पुन्हा तपासून घ्यावा, कारण नव्या दाबाने भोकाचा आकार बदलतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांचे रॉड मात्र एकसंध बनवून मुद्दाम तडकवून कॅप वेगळी केलेले असतात. त्यांच्या कॅपचा सांधा घासून भोक पुन्हा बोअर करता येत नाही, आणि एकाची कॅप दुसऱ्याला कधीही बसवू नये.

प्रत्येक बोल्ट बसवण्यापूर्वी त्याची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजून सिलिंडरच्या क्रमांकासह वहीत नोंदवावी. पुढे इंजिन उघडेल, तेव्हा तीच लांबी पुन्हा घ्यावी. ती ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा एक हजारांश, वाढलेली आढळली, तर बोल्ट पुन्हा वापरू नये. चारही सिलिंडरांचे बोल्ट सारखेच लांबले असतील, तर गाडी कधीतरी मर्यादेबाहेरच्या फेऱ्यांवर गेली आहे, हे चालकाला विचारावे. एकाच सिलिंडरचे लांबले असतील, तर त्याच्या पिस्टनवर आणि बोअरवर अडकल्याच्या खुणा शोधाव्यात, आणि त्या नसतील, तर बसवतानाची वहीतली नोंद पुन्हा तपासावी.