गाडीला पांघरूण घालण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या पहिल्या गाडीचा रंग ना उन्हानं गेला, ना पावसानं. तो गेला कव्हरनं. रोज संध्याकाळी मी तिला लेकराला पांघरूण घालावं तसं कव्हर घालायचो आणि सकाळी ओढून काढायचो. वर्षभरानं एकदा तिरप्या उन्हात बॉनेटकडे नजर गेली. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसत होते. आरशांच्या कोपऱ्यांवर तर चकाकी पार उतरलेली.

आपण समजतो त्याच्यापेक्षा गाडीचा रंग फार नाजूक असतो. कारखान्यातून येतो तेव्हा सगळे थर मिळून त्याची जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त. चकाकी असते ती सगळ्यात वरच्या पारदर्शक थरामुळे. त्याला क्लिअर कोट म्हणतात आणि तो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. आता धुळीकडे बघा. तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोह्‌सच्या काठिण्याच्या मापात क्वार्ट्झ 7 वर आहे. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास. जो कण पोलादावर रेघ ओढतो, त्याच्यापुढे क्लिअर कोटची काय कथा! कव्हरचं कापड किती का मऊ असेना, मध्ये धूळ आली की त्याचा पॉलिश पेपर होतो. त्यात वारा असेल तर बघायलाच नको. ढिलं कव्हर रात्रभर फडफडतं आणि आपण झोपलेले असताना गाडी घासत राहतं.

मग कव्हर नकोच का? तसंही नाही. ऊनही काही कमी नाही. अतिनील किरण क्लिअर कोट हळूहळू मोडत नेतात. टप आणि बॉनेट उन्हाकडे तोंड करून असतात, म्हणून पांढुरके डाग आणि पापुद्रे आधी तिथेच दिसतात. हेडलाइटची काच खरं तर काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट असतं. उन्हानं ते पिवळं पडून धुरकट होतं. झाडाची सावली बघून गाडी लावावी, तर वरून पाखरं! तापलेला रंग थोडा मऊ होतो, फुगतो. त्यावर पडलेली विष्ठा वाळून घट्ट बसते आणि रंग गार होऊन आकसला की तिचा ठसा कायमचा उमटतो. शिवाय त्या विष्ठेत आम्लही असतं. झाडाच्या चिकाचाही असाच ताप. या सगळ्यावर कव्हरसारखा उपाय नाही, हे मान्यच करायला हवं.

म्हणून माझा प्रश्न एवढाच असतो: गाडी सलग किती दिवस उभी राहणार आहे? रोज बाहेर निघत असेल तर कव्हर घालू नका. रोजच्या गाडीवर रोज धूळ बसणार, तुम्ही रोज ती धुणार नाही आणि तरीही तिच्यावर कापड ओढणार. शिवाय पहिल्या पंधरा दिवसांचा उत्साह ओसरला की कव्हर डिकीत जाऊन पडतं, हा आपला सगळ्यांचाच अनुभव. गाडी दोन-तीन आठवडे उघड्यावर राहणार असेल, तर मात्र धुऊन, पूर्ण कोरडी करून, कव्हर जरूर घाला. गाडी छताखाली असेल तर प्रश्न फक्त धुळीचा उरतो; तिथे हलकं सुती कापड पुरतं, किंवा काहीच नसलं तरी चालतं.

कव्हर घेताना साध्या प्लॅस्टिकच्या वाटेला जाऊ नका. ते पाणी अडवतं, पण जमिनीतून वर येणारी वाफही कोंडून ठेवतं. रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ थेंब होऊन आतून गाडीवर बसते. पोपडा उडालेल्या जागी गंज धरायला याहून चांगली सोय नाही. हवा जाऊ देणारं, अनेक पदरी कापड घ्या, आतली बाजू मऊ असू द्या. ते थोडं ओलं होईल, पण वाळेलही. माप आपल्याच मॉडेलचं हवं, आणि गाडीखालून बांधायचे बंद असायलाच हवेत. नुसत्या इलॅस्टिकवर वाऱ्यात भरवसा ठेवू नये.

घालण्या-काढण्याचीही एक रीत आहे. आधी इंजिन आणि सायलेन्सर निवू द्या, नाहीतर कापड वितळून चिकटतं. काढताना ओढू नका. दोन्ही बाजू उचलून टपावर आणा आणि मग पुढून मागे गुंडाळत न्या, म्हणजे बाहेरची धुळकट बाजू घडीच्या आत राहते, रंगाला लागत नाही. खाली जमिनीवर टाकलं की संपलं. पुढच्या वेळी तीच माती रंगावर फिरणार.

आणि एक गंमत सांगू? झाकलेल्या गाडीचा विसर फार लवकर पडतो. खाली बॅटरी उतरत असते, टायरची हवा कमी होत असते, आणि अंधार, ऊब, निवांतपणा बघून उंदीर वायरींपाशी बिऱ्हाड थाटतात. आठवड्यातून एकदा कव्हर काढून बॉनेट उघडून बघा.

हल्ली माझी गाडी रोज रस्त्यावर असते आणि तिला कव्हर नाही. उन्हात लावताना पुढच्या काचेला आतून पडदा लावतो, अधूनमधून वॅक्स करतो. दाराच्या खणात पाण्याची बाटली आणि एक मऊ फडकं ठेवलंय. पाखरांचा प्रसाद दिसला की आधी ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवायचं, मग अलगद उचलायचं, घासायचं नाही. पहिल्या गाडीचं कव्हर अजून आहे. ते सध्या माळ्यावरच्या सामानावर पडलंय, आणि तिथे त्याचं काम चोख चाललंय.

नमस्कार.